लॉट नंबर आठ : दलदलीचा नकाशा आणि नकाशाबाहेरची माणसं



काही महिन्यांपूर्वी आमच्या अभ्यासवर्गात मरिचझापीवर चर्चा झाली. सुंदरबनातल्या या बेटावर वसलेल्या हजारो नमःशूद्र निर्वासितांना १९७९ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने पोलीस बळावर हुसकावलं, त्यात माणसं मारली गेली, हे सगळं सांगून झालं. तेव्हा मागे बसलेल्या एका पोराने विचारलं, "पण ती जागा राखीव जंगलाची होती ना? म्हणजे कायद्याने ते अतिक्रमणच झालं की."

वर्गात शांतता पसरली. आमच्यापैकी कुणीतरी "कायदा माणसांसाठी असतो" वगैरे बोललं, पण खरं सांगायचं तर आमच्याकडे उत्तर नव्हतं. प्रश्न चुकीचा नव्हता. आपल्या वस्तीवर बुलडोझर येतो तेव्हा हाच प्रश्न आपल्यालाही विचारला जातो. कागद दाखवा. नकाशात तुमचं घर कुठे आहे?

म्हणून आम्ही ठरवलं की मरिचझापीची गोष्ट १९७९ पासून न वाचता नकाशापासून वाचायची. ती जागा 'राखीव' कुणी केली, कधी केली आणि त्याआधी तिथे कोण होतं? हा लेख त्या वाचनातून आला आहे.

सुरुवात एका नावापासून करू. कोलकात्याकडून गंगासागरच्या यात्रेला जाणारा माणूस काकद्वीपजवळ लाँचमध्ये बसतो आणि मुरीगंगा ओलांडून सागर बेटावर जातो. मकरसंक्रांतीला लाखोंची गर्दी या धक्क्यावर असते. धक्क्याचं नाव आहे 'लॉट नंबर आठ'. गावाला देवाचं नाव असतं, झाडाचं असतं, एखाद्या पुढाऱ्याचं असतं. इथे आकडा आहे. हा आकडा दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी मोजणीतून आला आहे, आणि आमच्या अभ्यासवर्गातल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या आकड्यातच दडलेलं आहे.

'रिकामी' जागा

सुंदरबन म्हणजे गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना या नद्यांच्या मुखाशी पसरलेली दलदल. खारफुटीचं जंगल साधारण दहा हजार चौरस किलोमीटरचं, त्यातलं सुमारे सहा हजार आज बांगलादेशात आणि चार हजार भारतात. दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी. सकाळी जिथे जमीन दिसते तिथे दुपारी पाणी असतं. नदी एका काठाची माती कापते आणि पुढे नवं बेट तयार करते. कोकणातल्या वाचकांनी आपलं खाजण डोळ्यांसमोर आणावं आणि ते शेकडो पटींनी मोठं करावं. अशा ठिकाणी 'इथे जमीन संपली आणि पाणी सुरू झालं' अशी रेष निसर्गात नसतेच. ती कुणीतरी कागदावर ओढावी लागते.

या प्रदेशाचा पहिला मोठा मोजणीदार जेम्स रेनेल. १७६४ मध्ये कंपनीच्या गव्हर्नरने त्याला काम दिलं ते नद्यांतून मोठी जहाजं जाण्याजोगा मार्ग शोधण्याचं. पुढे तो बंगालचा सर्व्हेयर जनरल झाला आणि १७८० च्या आसपास त्याचा 'बंगाल ॲटलस' प्रसिद्ध झाला. काम जलमार्गाचं, त्यामुळे मोजणी होडीतून. साहजिकच नद्या आणि खाड्या बारकाईने उतरल्या. त्यांच्या मधला भाग जंगल म्हणून राहिला. खालच्या त्रिभुज प्रदेशाच्या एका भागावर तर नोंदच आहे की मघांच्या उपद्रवामुळे हा मुलूख ओस पडला. मघ म्हणजे आराकानचे लुटारू. पोर्तुगीज चाच्यांबरोबर ते या किनाऱ्यावर धाडी घालून माणसं पकडत आणि गुलाम म्हणून विकत.

धाडी खऱ्या होत्या. पण या नोंदीचा दुसरा अर्थही आहे. ओस पडला म्हणजे आधी वसलेला होता. सातव्या शतकात ह्युएन त्संग बंगालच्या समतट प्रदेशात आला. समुद्रालगतची सखल, दमट भूमी असं त्याचं वर्णन तो करतो आणि तिथे तीसएक संघाराम व दोन हजारांच्या आसपास भिक्खू असल्याचं नोंदवतो. जसोर भागातल्या भरत भायना इथल्या मोठ्या टेकाडातून बौद्ध वास्तूचे अवशेष निघाले आहेत. पंधराव्या शतकात खान जहान अलीने याच दलदलीच्या कडेला, आजच्या बागेरहाटला, मशिदी आणि तलावांचं शहर उभं केलं. म्हणजे ही भूमी वसली, उठली, पुन्हा वसली. तिचा इतिहास पाण्यासारखाच येणारा-जाणारा आहे.

शिवाय जंगलात कायम घर न बांधताही माणसं जगत होती. मध गोळा करणारे मौले, लाकूड तोडणारे बावाली, मासे पकडणारे कोळी. हंगामात होडीने यायचे, काम करून परतायचे. उत्तरेकडे फरीदपूर, बाकरगंज, जसोर, खुलना या जिल्ह्यांत 'बिल' म्हणजे पाणथळ सखल भागात नमःशूद्रांची वस्ती होती. वर्षातले कित्येक महिने त्यांचं जगणं होडीवर. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने गावाबाहेर राहावं असा नियम आहे. इंग्रजांच्या सुरुवातीच्या जनगणनांत या समाजाची नोंद 'चांडाळ' म्हणूनच झाली. हे नाव झुगारण्यासाठी त्यांनी झगडा केला आणि १९११ च्या जनगणनेत 'नमःशूद्र' ही नोंद मिळवली. ज्याला चांगल्या जमिनीवरून बाहेर ठेवलं, त्याने दलदलीतून जमीन काढली. आणि होडीवर राहणारा माणूस मोजणीदाराच्या नकाशात येत नाही, कारण नकाशाला पक्कं घर लागतं.

रेष आणि लॉट

१७९३ मध्ये कॉर्नवॉलिसने बंगालमध्ये कायमधारा लागू केला. जमीनदारांनी ठरलेला सारा भरायचा आणि जमीन त्यांची. आता प्रश्न आला की जमीनदाराची हद्द दक्षिणेकडे कुठे संपते? जमीनदार जंगल तोडून घेत पुढे सरकत होते आणि वाढीव जमिनीचा सारा सरकारला मिळत नव्हता. म्हणून १८१६ मध्ये सुंदरबनसाठी स्वतंत्र कमिशनर नेमला. १८२२-२३ मध्ये प्रिन्सेप नावाच्या अधिकाऱ्याने जंगलाची कड मोजायला सुरुवात केली. १८२८ च्या कायद्याने सुंदरबन ही सरकारची मालमत्ता ठरली. १८२९-३० मध्ये कमिशनर डॅम्पियर आणि मोजणी अधिकारी लेफ्टनंट हॉजेस यांनी ती कड पक्की केली. तिला आजही 'डॅम्पियर-हॉजेस रेषा' म्हणतात. पश्चिम बंगालमध्ये सुंदरबन क्षेत्र म्हणून जे १९ तालुकावजा ब्लॉक धरले जातात, ते या रेषेच्या दक्षिणेचे. रेषेला जवळपास दोनशे वर्षं झाली, सरकारं बदलली, रेष मात्र चालूच आहे.

रेषेच्या खालचं जंगल हॉजेसने २३६ तुकड्यांत विभागलं. प्रत्येक तुकड्याला आकडा दिला. तो तुकडा म्हणजे लॉट. ज्याने लॉट भाड्याने घेतला तो 'लाटदार'. त्याच्याकडून पोटभाड्याने घेणारा 'चकदार'. लॉट नंबर आठचा धक्का हा त्या व्यवहाराचा उरलेला अवशेष आहे.

या नकाशाचा हेतू जमीन समजून घेण्याचा नव्हता, ती भाडेपट्ट्याने देण्याचा होता. बहुतेक लाटदार कलकत्त्यात राहणारे होते. १८७९ च्या नियमांनी भाडेपट्ट्याचे दोन वर्ग केले : मोठ्या भांडवलदारांसाठी मोठे पट्टे आणि छोट्या भांडवलदारांसाठी लहान पट्टे. भांडवलाचे दोन आकार कायद्याला दिसले. कुऱ्हाड चालवणाऱ्याचा वर्ग दिसला नाही.

कुऱ्हाड कोण चालवत होतं? छोटा नागपूरच्या पठारावरून आणलेले मुंडा, ओरांव, संथाळ. त्यांच्याबरोबर पौंड्र, नमःशूद्र, बागदी, कावरा अशा जाती. वाघ, मगर, साप आणि ताप यांच्यात त्यांनी जंगल तोडलं आणि मग सर्वांत अवघड काम केलं, ते म्हणजे बांध. भरतीच्या पाण्याची पातळी बेटाच्या जमिनीपेक्षा वर जाते. म्हणून बेटाभोवती मातीचा बांध घालून खारं पाणी बाहेर ठेवायचं, पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन जाण्याची वाट पाहायची आणि मग भात लावायचा. बांध घातल्यावर नदीचा गाळ आत येत नाही, त्यामुळे आतली जमीन उंच होत नाही. ती कायम भरतीच्या पातळीखाली राहते आणि बांध फुटला की गाव बुडतो. भारतीय सुंदरबनात आज असे साधारण साडेतीन हजार किलोमीटर बांध आहेत. १०२ बेटांपैकी ५४ बेटं त्यांच्या आधाराने वसलेली आहेत. मे २००९ मध्ये आयला वादळाने हे बांध फोडले, तेव्हा शेतात शिरलेलं मीठ पुढची काही वर्षं पीक येऊ देईना.

आम्ही हे सविस्तर सांगतो त्याला कारण आहे. या बेटांवर 'जमीन' ही निसर्गाने दिलेली वस्तू नाही. ती हातांनी बनवलेली आहे आणि रोज राखावी लागते. अशा ठिकाणी मालकीचा सर्वांत मोठा पुरावा बांध हा असायला हवा होता. पण पुरावा ठरला तो कलकत्त्याच्या दप्तरातला पट्टा. पुढे १९४६-४७ मध्ये याच काकद्वीपच्या मुलखात तेभागा आंदोलन पेटलं. पिकाचे तीन भाग करा, दोन कसणाऱ्याला द्या, एवढीच मागणी होती. लॉटच्या नकाशाला कसणाऱ्यांनी दिलेलं ते उत्तर होतं.

याच काळात दुसरी रेषही आली. १८७० च्या दशकात खुलनाकडचं जंगल 'राखीव' आणि २४ परगण्यातलं जंगल 'संरक्षित' म्हणून जाहीर होत गेलं. शंभर वर्षं ज्या सरकारने जंगल तोडण्यासाठी पट्टे वाटले, त्याच सरकारने उरलेल्या जंगलाभोवती रेष आखून माणसाला आत येण्यासाठी परवाना लावला. दोन्ही वेळा निकष एकच होता, महसूल. आधी भाताचा, नंतर लाकडाचा.

तिसरी रेष आणि आपलाच एक गैरसमज

जुलै १९४६ मध्ये संविधान सभेसाठी निवडणूक झाली. मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना जागा नव्हती. बंगालमध्ये जोगेंद्रनाथ मंडल आणि शेड्युल्ड कास्ट फेडरेशनच्या सहकाऱ्यांनी जोर लावला आणि बाबासाहेब बंगालमधून निवडून आले. हरिचांद आणि गुरुचांद ठाकूर यांच्या मतुआ चळवळीने घडवलेल्या समाजाचं आपल्यावर हे ऋण आहे. आपल्या जयंतीच्या भाषणांत ते क्वचितच येतं.

पण याच संदर्भात आपल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. जसोर, खुलना, बारिसाल, फरीदपूर हे हिंदुबहुल जिल्हे बाबासाहेबांना निवडून दिल्याची शिक्षा म्हणून पाकिस्तानला देऊन टाकले, असा त्याचा आशय. आम्हीही तो कधीकाळी पुढे ढकलला आहे. नकाशा आणि जनगणना समोर ठेवल्यावर तो टिकत नाही. संविधान सभेची निवडणूक प्रांतिक विधानसभेच्या आमदारांनी केली होती, एखाद्या जिल्ह्याच्या मतदारांनी नाही. जसोर, फरीदपूर आणि बारिसालचा बाकरगंज जिल्हा मुस्लिमबहुल होते. थोडक्या फरकाने हिंदुबहुल होता तो फक्त खुलना. रॅडक्लिफने खुलना पाकिस्तानला दिला आणि मुस्लिमबहुल मुर्शिदाबाद भारताला, कारण कलकत्ता बंदर ज्या भागीरथी-हुगळीवर जगतं तिचं वरचं पाणी मुर्शिदाबादेतून येतं. चितगाव डोंगरी प्रदेशातले बौद्ध चकमा बहुसंख्येने असूनही पाकिस्तानात गेले. त्यांनी तर बाबासाहेबांना निवडून दिलं नव्हतं.

मग खरा अन्याय कोणता? रॅडक्लिफ जुलै १९४७ मध्ये पहिल्यांदा भारतात आला आणि पाचेक आठवड्यांत रेष ओढून गेला. १७ ऑगस्टला निवाडा जाहीर झाला. स्वातंत्र्याच्या दिवशी खुलन्यात तिरंगा फडकला होता, तो उतरवावा लागला. बंदर मोजलं गेलं, नदी मोजली गेली, धर्माची डोकी मोजली गेली. बिलात राहणाऱ्या नमःशूद्राचं काय होईल, हा रकाना त्या नकाशात नव्हताच. बाबासाहेबांचं बंगालमधलं सदस्यत्व फाळणीने संपलं आणि ते बॅ. जयकरांच्या रिकाम्या जागेवर मुंबईतून पुन्हा निवडून आले. त्यांना निवडून आणणाऱ्या समाजाला अशी दुसरी जागा मिळाली नाही. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले आणि ऑक्टोबर १९५० मध्ये खुलना-बारिसालच्या दंगलींचा पाढा वाचत राजीनामा देऊन भारतात आले.

सूडाची कहाणी ऐकायला सोपी असते, कारण तिच्यात एक खलनायक असतो. इथे आपल्याला खिजगणतीतच धरलं नव्हतं. आमच्या मते हे सूडापेक्षा जास्त गंभीर आहे. आणि कुणी आपला चुकीचा मेसेज खोडून काढला की त्याच्याबरोबर आपलं खरं दुःखही खोटं ठरतं. म्हणून तो मेसेज थांबवा.

मरिचझापी

फाळणीनंतर आधी आलेल्या सवर्ण निर्वासितांनी कलकत्त्याभोवती वसाहती उभ्या केल्या आणि हळूहळू त्या कायदेशीर करून घेतल्या. नमःशूद्र आणि पौंड्र शेतकरी बहुतांशी नंतर आले. त्यांना छावण्यांत ठेवलं आणि १९५८ मध्ये सुरू झालेल्या दंडकारण्य प्रकल्पाखाली बस्तर, कोरापुटच्या खडकाळ मुलखात पाठवलं. पाण्यावर जगणारी माणसं कोरड्या पठारावर. विरोधात असताना डाव्या पक्षांनी या लोकांना बंगालमध्येच वसवा अशी मागणी केली होती. १९७७ मध्ये ते सत्तेवर आले. दिलेला शब्द आठवून १९७८ मध्ये हजारो कुटुंबं निघाली. त्यातली साधारण तीस हजार माणसं मरिचझापीवर पोचली.

त्यांनी तिथे काय केलं? बांध घातला. मासळीचा धंदा, मिठागर, होड्या बांधण्याचं काम, शाळा, दवाखाना, बाजार, विहिरी. वस्तीचं नाव ठेवलं नेताजीनगर. सरकारकडून मदत नव्हती. शंभर वर्षांपूर्वी हेच काम लाटदारासाठी केलं असतं, तर इंग्रजांनी त्याला 'आबादी' म्हटलं असतं. स्वतःसाठी केलं म्हणून ते 'अतिक्रमण' ठरलं. राखीव जंगल असं कारण दिलं गेलं. पण त्या बेटाच्या काही भागावरची खारफुटी १९७५ च्या सुमारास सरकारी योजनेतच काढून नारळ लावले होते.

२४ जानेवारी १९७९ ला जमावबंदी लावून पोलिसांच्या लाँचनी बेट वेढलं. अन्न आणि पिण्याचं पाणी अडवलं. ३१ जानेवारीला गोळीबार झाला. मे महिन्याच्या मध्यात झोपड्या पेटवून बेट रिकामं केलं. मृतांचा सरकारी आकडा दोन. बाकीचे अंदाज शेकड्यांपासून हजारांपर्यंत जातात. पक्का आकडा नाही, कारण त्या माणसांची नोंदच नव्हती. नकाशात वस्ती नसेल, तर वस्ती संपल्याचीही नोंद होत नाही.

त्याच दशकात हरियाभंगा नदीच्या मुखाशी गाळाचं एक निर्जन बेट वर आलं. भारत त्याला न्यू मूर म्हणे, बांगलादेश दक्षिण तालपट्टी. दोन देशांनी त्या चिखलावर हक्क सांगितला. २०१० पर्यंत ते बेट समुद्रात बुडूनही गेलं, २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने सागरी हद्दीचा निकाल दिला. माणूस नसलेल्या चिखलासाठी दोन राष्ट्रं भांडली. माणसांनी बांधलेल्या मरिचझापीसाठी एकही उभं राहिलं नाही.

आपलं काम

ही गोष्ट दूरच्या बंगालची वाटत असेल तर गडचिरोलीला जा. चामोर्शी, मुलचेरा भागात बंगाली निर्वासितांची गावं आहेत. त्यांत नमःशूद्र मोठ्या संख्येने आहेत. पश्चिम बंगालमध्ये ते अनुसूचित जातीत येतात, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. जात तीच, इतिहास तोच, पण राज्याची हद्द ओलांडली आणि हक्क गेला. त्यांची ही मागणी अनेक वर्षांची आहे. बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवणाऱ्यांची नातवंडं आपल्या राज्यात राहतात आणि आपण त्यांच्या मोर्चात नसतो, याची आम्हाला लाज वाटते.

आणि आपल्या गावाचा नकाशा? डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. तो चांगलाच झाला. पण नाव बदललं तरी वस्ती गावठाणाच्या आत मोजलेली आहे की बाहेर, घराखालची जागा कुणाच्या नावावर आहे, स्मशानाची वाट नकाशात आहे की नाही, हे प्रश्न तसेच राहतात. म्हणून आमचं सांगणं साधं आहे. भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या गावाचा नकाशा काढा. सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे आता इंटरनेटवर मिळतात, ते त्याच्या शेजारी ठेवा. मग वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर शिवार फिरा. जुनी विहीर, पाणवठा, वतनाची जमीन, पहिलं घर, विहार कधी झालं, हे तारखेसह लिहा. मोबाइलने जागा नोंदवा. ओपनस्ट्रीटमॅपसारख्या खुल्या नकाशात कुणालाही भर घालता येते, तिथे आपली वस्ती घाला. बुलडोझर यायच्या आधी हे करायचं असतं, नंतर नाही.

त्या पोराला आम्ही पुढच्या वर्गात उत्तर दिलं. ती जागा राखीव होती, हे खरं. ती राखीव करणारी रेष ज्यांनी ओढली त्यांनी तिथे कधी बांध घातला नव्हता, हेही खरं. कायद्याने अतिक्रमण कोणतं ते ठरवण्याआधी कायद्याचा नकाशा कुणी काढला हे विचारायला शिकलं पाहिजे. तो म्हणाला, "मग आपल्या वस्तीचा नकाशा काढू या." येत्या रविवारी सुरुवात आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!